हरभऱ्यातली होडी

होडी हरभऱ्यात उभी होती आणि मी होडीवर उभी राहून पाखरं हाकत होते. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या मैत्रेयीला वाटलं, आईच्या डोक्यावर परिणाम झाला. "आई, तू उन्हात फार बसतेस का गं?" म्हणाली. आता पुण्यात पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीला काय कपाळ सांगायचं? घाटे भरले की करकोचे उतरतात आणि ते उतरले की कुणीतरी ताट बडवायचं असतं. होडीवर दोनच ताटं होती. त्यातलं एक बडवून बडवून पार चेपलं, आणि मग त्या चेपलेल्या ताटात कोण जेवणार यावरून आम्हा नवरा-बायकोची रोज वादावादी.

पण हे मधलंच झालं. पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्याकडे मैत्रेयीसारखेच बघाल.

मी नीलांबरी. बेलापूरची. श्रीरामपूरजवळचं बेलापूर, मुंबईकडचं नव्हे. हे प्रत्येकाला सांगावं लागतं. आमचे शामकांत आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचे. नवऱ्याचं नाव घ्यायला मी उखाणा शोधत बसत नाही. पोथीपंचांग सोडून रंधा हातात धरणारा घराण्यातला पहिलाच माणूस, असं माझ्या सासूबाई कपाळाला हात लावून सांगत. हा माणूस निवृत्त झाला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होडी बांधायला बसला. साधी नव्हे, शिडाची. वर डोलकाठी, आत झोपायला जागा, आणि तळाला दोन बाजूंना दोन जाड फळ्या, पायांसारख्या, म्हणजे पाणी ओसरलं तरी होडी कलंडू नये, सरळ उभी राहावी. प्रवरेच्या काठी जन्मलेल्या माणसाला शिडाची होडी कशाला हवी, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गल्लीतली माणसं संध्याकाळी फिरायला निघाली की शेडमध्ये डोकावून जायची. "मास्तर, समुद्र कधी आणताय बेलापूरला?" शामकांत हसायचे आणि पॉलिशपेपर घासत राहायचे.

होडी पुरी होत आली आणि डोळ्यांचं कळलं. काचबिंदू. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बरंच गेलंय, गेलेलं परत येत नाही. थेंब घालत राहायचं आणि उरलेलं सांभाळायचं. आधी कडेचं दिसेनासं होतं, मग समोरचं. बाहेर येऊन आम्ही रसवंतीत बसलो. मी ग्लासाला हात लावला नाही. यांनी अख्खा ग्लास रस प्याला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "नीला, मला एक अख्खं पाणी बघायचंय. धरण भरलेलं, मग उतरलेलं, मग परत भरलेलं. होडीत राहून. डोळे आहेत तोवर. नंतर तू म्हणशील तिथे गुपचूप बसेन."

मी माझाही ग्लास त्यांच्यापुढे सरकवला.

आमची प्रवरा प्रवरासंगमला गोदावरीत मिळते आणि तिथून पुढे नदी अशी राहतच नाही. जायकवाडीचं पाणी पसरलेलं असतं, नाथसागर म्हणतात तो. पलीकडचा काठ नुसता पुसट. दसऱ्याच्या सुमाराला उसाच्या ट्रॉलीवर होडी चढवली, वाजतगाजत म्हणावी तशी नेली आणि त्या पाण्यात सोडली.

होडीतली जागा म्हणाल तर आमच्या बेलापूरच्या न्हाणीघराहून थोडी मोठी. झोपायला दोन फळ्या, मधे चालायला एक पट्टी, एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात पडदा लावून मोरी. आणि मी काय काय बांधून आणलं होतं? मसाल्याचे डबे, सोऱ्या, दोन कुकर, तांब्याचा हंडा, पुरणयंत्र.

"पुरणयंत्र कशाला?" शामकांतनी विचारलं.

"होळी येईल की."

"ठेव. फक्त झोपायचं कुठे तेवढं सांग."

मी फणकाऱ्यानं सगळं रचून ठेवलं. दुपारी वारा सुटला, होडी एका अंगाला झुकली आणि तूरडाळीचा डबा लोणच्याच्या बरणीवर जाऊन बसला. हंडा गडगडत मोरीत गेला. संध्याकाळपर्यंत मी डाळीतून काचा वेचत होते. दुसऱ्या दिवशी तोंडातून ब्र न काढता अर्ध्याहून जास्त सामान काठावर उतरवलं आणि परत पाठवलं. उरलं ते दोन ताटं, एक कढई, एक पातेलं, एक तवा, एक कुकर, तीन सुती साड्या. देवांचं मात्र जड गेलं. सासूबाईंच्या हातचे देव, सोडून कसे यायचे? शेवटी सगळे जाऊबाईंकडे ठेवले आणि एकटा बाळकृष्ण आणला, कुंकवाच्या डबीत बसवून. रांगता देव आहे, म्हटलं याला हलती जागा चालेल.

त्यानंतरचा महिना मात्र, खरं सांगते, मी भांडायचं विसरले. फळीवर कूस बदलली की कानाशी पाणी. लाकडाच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, चुळुक चुळुक चालूच. सकाळी वर यावं तर धुकं आणि पाणी एकच झालेलं. आपण नक्की कशावर बसलोय तेच कळू नये. एखादा मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून धुक्यातून यायचा, हात वर करायचा आणि धुक्यात जायचा. वारा असला की जायचं, वारा पडला की तिथेच भात टाकायचा. जन्मभर माझा बुधवार ठरलेला, गुरुवार ठरलेला, कुठल्या दिवशी कुठली भाजी ते ठरलेलं. इथे मला वार आठवेनात. आणि त्याचं मला काही वाटेना, याचंच मला वाटत राहिलं.

रोज संध्याकाळी शामकांत एक बांबू पाण्यात सोडायचे. बांबूवर तांबड्या ऑइलपेंटचं एक कडं रंगवलेलं. कडं पाण्यात बुडालं तर निश्चिंत झोपायचं. कडं पाण्याच्या वर दिसलं तर नांगर उचलायचा आणि खोल पाण्याकडे सरकायचं. दिवाळीनंतर आम्ही एका सपाट काठाशी थांबलो होतो. कालव्यांना रब्बीचं आवर्तन सुटलं होतं, पाणी उतरत होतं, ते आम्हालाही माहीत होतं. रोज बांबू पाण्यात जायचा आणि रोज हे म्हणायचे, "आहे अजून."

एका पहाटे मला जाग आली ती आवाजानं नव्हे. आवाज नव्हता म्हणून. कानाशी पाणी नव्हतं. वर येऊन पाहिलं तर चहूकडे काळाभोर गाळ, आणि होडी आपल्या दोन पायांवर त्यात शहाण्यासारखी उभी. पाणी पार लांब सरकून बसलं होतं.

ट्रॅक्टर बोलावला, तो चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतला आणि त्यालाच काढायला दुसरा आणावा लागला. जेसीबीवाला आला, वाकून बघितलं, म्हणाला, ओढली तर तळ फाटेल. आता पुढच्या वर्षी पाणी इथवर चढेल तेव्हाच. आणि दर वर्षी ते इथवर चढतंच असं नाही.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "इतकी वर्षं घालून होडी बांधली आणि एक बांबू बघता आला नाही तुम्हाला?" असं आणि बरंच काही. शामकांत ऐकून घेत होते. बाजू मांडेनात, रागावेनात. त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला तेव्हा फार राग आला.

गाळ जरा आंबट-ओला झाला, पाय ठरायला लागला, तशी एक बाई बैल आणि तिफण घेऊन आली. मागे तिचा नवरा. बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्ये काय हाय?"

"होडी आहे," मी म्हणाले.

"होडी हाय ते दिसतंय मला. माझ्या गाळपेरात काय करती?"

पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचे पट्टे ठरलेले. हा पट्टा गोजरबाईचा होता. "आमचीच जमीन हुती ही," ती म्हणाली. "निम्मं वरीस पानी वापरतं, निम्मं वरीस आमी. तुमी मधीच कुठून आला?"

"आम्ही काय हौसेनं उभे आहोत का इथे?" मीही कमरेवर हात ठेवले.

आम्ही दोघी बराच वेळ बोललो. म्हणजे भांडलोच. तिचा नवरा सहादेव आणि माझा नवरा, दोघं शांतपणे होडीच्या सावलीत बसून तंबाखू आणि डोळ्यांचे थेंब यांच्याविषयी बोलत होते. शेवटी गोजरबाईनं होडीभोवती एक फेरी मारली, त्या दोन पायांकडे वाकून बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "वळसा घालून प्येरा. काय करता, बसलीया तर बसू द्या." मग माझ्याकडे वळली. "पन फुकट न्हाई, मास्तरीनबाई. राखन करायची. यंदा मचान बांधायचं वाचलं माझं."

तिफण होडीपाशी आली की वळायची आणि पुढे जाऊन परत सरळ व्हायची. हरभरा उगवला तेव्हा डोलकाठीशी उभं राहून मी बघितलं. हिरव्या ओळी दुरून सरळ येत होत्या, आमच्यापाशी दुभंगत होत्या आणि मागे जाऊन मिळत होत्या. वारा आला की सगळं रान हलायचं आणि आम्हीच चाललोय असं वाटायचं. मी कठडा घट्ट धरायचे. हसू यायचं, पण हात सुटायचा नाही.

पौषातल्या थंडीत गोजरबाई संध्याकाळी फडकं मागायला यायची. हरभऱ्यावर पहाटे दहिवर पडतं ते आंबट असतं, आंब म्हणतात तिला. रात्रभर झाडांवर सुती कापड पसरून ठेवायचं आणि पहाटे पिळून घ्यायचं. पोटाला लई चांगली, ती म्हणायची. तिचं फडकं फाटलं तेव्हा मी माझी हिरव्या काठाची साडी दिली. तिनातली एक. बेलापूरला माझ्या कपाटातल्या साडीला कुणी हात लावला असता तर मी महिनाभर बोलले नसते. इथे पहाटेच्या धुक्यात माझी साडी हरभऱ्यावर अंथरलेली आणि आम्ही दोघी दोन टोकं धरून ती पिळतोय, असं चित्र. वाटीभर आंब निघायची. जिभेवर थेंब ठेवला की डोळे मिटायचे.

पुढे हरभरा काढणीला आला आणि ऊन तापलं, तेव्हा शामकांतनी शीड चढवलं. मी ओरडले, "अहो, शेतात कुठे निघालात?" त्यांनी ते आडवं ताणून बांधलं आणि काढणीच्या बायका त्याच्या सावलीत भाकरी खायला बसल्या. तेव्हापासून आमच्या होडीला गावात 'मास्तरांचा मांडव' म्हणायला लागले.

पण त्याच्या आधी, हरभरा फुलात असताना, ती चहाची गोष्ट झाली.

मुंग्या झाल्या म्हणून मी डबे इकडचे तिकडे केले. साखरेच्या जागी मीठ गेलं. सकाळचा चहा शामकांत करायचे. त्यांनी डबा उचलला, झाकण काढलं, मान खाली घालून चांगलं आत बघितलं आणि दोन चमचे मीठ चहात टाकलं. खडेमीठ. साखर आणि खडेमीठ यांत काय साम्य असतं सांगा. मी उठले, वरून बांबू आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

"कडं कुठेय?"

त्यांनी हात पुढे केला. बोट कड्याच्या चांगलं वीतभर वर टेकलं.

"कधीपासून?"

"कोजागरीला तू चंद्र दाखवलास ना," ते म्हणाले, "तेव्हा मी नुसतं हो म्हणालो."

म्हणजे त्या सगळ्या संध्याकाळी, 'आहे अजून', 'आहे अजून', ते अंदाजानं. "सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी ट्रॉली बोलावली असतीस."

खरं होतं. बोलावलीच असती. मी रडले. राग आणि रडू माझ्याकडे एकत्रच येतं, त्यामुळे रडता रडता त्यांना बोललेही बरंच. त्यांनी खारट चहा ओतून दिला, बोटांनी चाचपत साखरेचा डबा शोधला आणि परत आधण ठेवलं. समोर धुरकट, मधे एक फट तेवढी स्वच्छ, आणि ती फट लहान होत चाललीय, असं त्यांनी सांगितलं. पाणी भरलेलं बघून झालं, उतरलेलंही बघितलं. तिसरं राहिलं.

मैत्रेयीला सांगणं भागच होतं. ती फोनवर आधी रडली, मग तिनं सगळं ठरवून टाकलं. स्वभाव माझा घेतलाय. तिच्याकडची खोली आमची. मोरीत धरायला दांडे बसवणार. लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ. "आई, बाबांना त्या खोक्यात ठेवायचं? काही झालं तर?" मला तिचं म्हणणं पटलं. मी शब्द दिला. पाणी चढलं तर बाबांची एक फेरी होऊ दे, मग येतो. नाही चढलं तर पोळ्याच्या दिवशी होडी सोडून येतो.

होडीला गिऱ्हाईकही मिळालं. हमरस्त्यावर हॉटेल असलेले आप्पासाहेब येऊन बघून गेले. हॉटेलापुढे उभी करायची, आत पोरांना बसवून फोटो काढायचे. "पाणी आलं तर पाण्यातून न्हेतो," म्हणाले, "न्हाई आलं तर मधून कापून दोन ट्रॉल्यांत टाकतो. तिकडं जोडू." शामकांत होडीच्या अंगावर तळहात ठेवून उभे होते. त्यांनी होकाराची मान हलवली. शब्द दिला होता, गुपचूप बसेन म्हणून.

चैत्रात पाणी पार खाली गेलं तेव्हा गोजरबाई मला तिचं घर दाखवायला घेऊन गेली. भेगाळलेल्या गाळातून बरंच चालल्यावर दगडांची एक ओळ आणि एक उंबरा. बाकी काही नाही. ती उंबऱ्यावर बसली, फडक्यातली भाकरी सोडली आणि मला अर्धी दिली.

"वाईट वाटत असेल," मी म्हणाले.

"वाटायचं. आता घर न्हाई ऱ्हायलं, पन बसायची जागा हाय की. दर वर्साला येती, बसती. पानी आलं का उठती." आणि तिनं मला कांदा फोडून दिला.

वैशाखात जाऊबाईंच्या नातवाची मुंज आमच्याच घरात होती म्हणून आम्ही बेलापूरला गेलो. आपलंच घर, चाळीस वर्षं वावरलेलं. पण मुंजीसाठी सगळं हलवलेलं. शामकांत खाटेला अडखळले, मग दाराला, मग ओटीवर कुणाच्या तरी बॅगेला. मग त्यांना एका खुर्चीत बसवलं. बसवलं ते बसवलंच. पाणी हातात, ताट हातात. माणसं त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागली, जणू डोळे नव्हे, कान गेलेत. ज्या माणसानं त्या घराची दारं स्वतः केली, तो त्या दारातून जायला कुणाचा तरी हात येण्याची वाट बघत होता. मी चार वेळा उठले आणि चार वेळा कुणीतरी म्हणालं, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना. माणसं चांगलीच होती. मला मात्र त्या चांगुलपणाची तिडीक आली.

पाहुणे पांगल्यावर त्यांनी माझा पदर धरला. "नीला, घरी जाऊ या." आम्ही घरातच उभे होतो.

होडीपाशी पोचलो. शिडीच्या पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला तो बरोब्बर. दुसरा, तिसरा. वर चढून ते दोन पावलं चालले, वाकले, खाली उतरले, काडेपेटी उचलली, शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं. डाव्या हाताला साखर, उजव्या हाताला चहा. कुठे अडखळणं नाही, चाचपणं नाही. मी शिडीशी उभी राहून बघत होते. या एवढ्याशा खोक्यात ज्याला त्याला एकच जागा होती, आणि ती जागा त्यांच्या हातांना पाठ होती. इथे ते आंधळे नव्हते. एवढी साधी गोष्ट कळायला मला सबंध हरभऱ्याचं पीक निघून जावं लागलं.

दुपारी ते झोपले तेव्हा मी गोजरबाईनं परत केलेली हिरव्या काठाची साडी काढली. आंबेनं ती जागोजाग विटली होती. तिचा काठ फाडून पट्ट्या केल्या. मग बांबू घेतला आणि खालपासून वीत वीत अंतरावर एकेक पट्टी गच्च आवळून गाठी मारल्या. जिथे तांबडं कडं होतं तिथे दुहेरी गाठ, बोटाला लगेच लागेल अशी. डोळे मिटून बोट फिरवून बघितलं. मग बांबू होता तिथे, वर दोरांखाली, ठेवून दिला. पाणीच नाही तर बांबूला कोण हात लावतंय. मैत्रेयीला मी काही बोलले नाही आणि यांनाही नाही. पाणी चढलंच नाही तर त्या गाठींचं काय करायचं होतं? आशा दाखवून काढून घेणं मला जमत नाही.

आषाढ कोरडा गेला. आमच्याकडे ढग नुसते वरून जातात. पण तिकडे नाशकाच्या डोंगरात कोसळलं, तिकडची धरणं भरली आणि पाणी सुटलं, असं सहादेव सांगत आले. इकडे लख्ख ऊन, आणि लांबवर एक चमकती रेघ. रोज सकाळी ती थोडी जवळ. हरभऱ्याची धसकटं एकेक करून बुडाली. आधी मुंग्या आल्या, मग नाकतोडे, मग एक सरडा. सगळे होडीवर चढून बसले आणि मीही कुणाला हाकललं नाही. "काय दिसतंय?" शामकांत विचारायचे. त्यांना आता उजेड आणि अंधार तेवढा कळत होता. मी सांगायचे. गोजरबाईचा बांध बुडाला. बाभळीचं खोड बुडालं. शिडीची खालची पायरी बुडाली. ते मान हलवायचे आणि मी तोंड फिरवून डोळे पुसायचे, जसं काही त्यांना दिसणारच होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पाणी होडीच्या पोटाला लागलं आणि थांबलं. होडी गाळात रुतलेलीच.

पोळ्याला सकाळी शामकांतनी आपली हत्यारं पिशवीत भरली. पटाशा, रंधा, करवत, एकेक फडक्यात गुंडाळून. काठावर आप्पासाहेबांची ट्रॉली येऊन उभी होती. ते गुडघाभर पाण्यापर्यंत आले, हाताच्या घड्या घातल्या आणि म्हणाले, "दुपारपातुर बघू." गोजरबाई आणि सहादेव बैल धुवायला आले होते. शिंगं रंगवून झाली, झुली चढल्या. गोजरबाईनं पाण्यातूनच डोक्यावरचं ताट आणून माझ्या हातात दिलं. पुरणपोळ्या. "बैलांचं झालं, आता तुमी खा," म्हणाली आणि होडीच्या पायाकडे बघून परत गेली.

आम्ही खाली बसून खाल्लं. चेपलेलं ताट मी घेतलं. खाऊन शामकांत फळीवर आडवे झाले, भिंतीला कान लावून, आणि हात वर केला. "नीला, ऐक."

मी दुसऱ्या फळीवर कान लावला. चुळुक. मग काहीच नाही. मग परत चुळुक, चुळुक. आणि मग होडीनं एका अंगाला हलकेच कड घेतली, एक पाय सुटला, थोडी फिरली, आणि दुसरा पाय गाळातून निघाला तो आवाज मला तळव्यांना जाणवला.

"उचलली," ते म्हणाले.

वर आलो. शीड चढवताना त्यांच्या हातांना कुणाची मदत लागली नाही. वारा मानेवर कुठल्या बाजूनं लागतोय ते बघून त्यांनी सुकाणू वळवलं आणि होडी गोजरबाईच्या हरभऱ्यावरून निघाली. खाली तिचं रान, पुढे कुठेतरी तिचा उंबरा, आणि वर आम्ही. काठावर बैल माना वर करून बघत होते. आप्पासाहेब हातानं खुणा करत होते, तिकडं, तिकडं, ट्रॉलीकडं.

"डाव्या हाताला बाभळी आहेत," मी म्हणाले.

"तिथे उथळ असेल. बांबू घे आणि कडं बघून सांग मला."

"तुम्हीच बघा." मी बांबू त्यांच्या हातात दिला.

त्यांना वाटलं असणार मी टोचून बोलतेय. एका हातानं सुकाणू धरून त्यांनी बांबू पाण्यात सोडला, तळाला टेकवला आणि ते ओल्या बांबूवरून हात वर आणायला लागले. एका गाठीशी हात थांबला. मग वरची गाठ. मग त्याच्या वरची. पुन्हा खाली पाण्यात गेला, कोपरापर्यंत, आणि तिथे बोटं थांबली.

"दुहेरी," ते म्हणाले. "ही पाण्यात आहे."

"मग आहे अजून."

त्यांनी बोटांनी ती गाठ पुन्हा पुन्हा चाचपली. "कधी बांधल्यास?"

"बेलापूरहून आलो त्या दिवशी."

"म्हणजे मैत्रेयीकडे..."

"तिला मी सांगते काय ते. आप्पासाहेबांनाही सांगते. मैत्रेयीला म्हणावं, तूच ये, पण एकच पिशवी घेऊन ये. जागा नाही."

बाभळी मागे गेल्या. बांबू त्यांनी आत घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या गाठींवरून हात फिरवला. मग माझा हात चाचपून धरला आणि सुकाणूच्या दांड्यावर ठेवला. मी जन्मात कधी तो दांडा धरला नव्हता.

"अशीच धर, घट्ट नको," ते म्हणाले. "मी चहा टाकतो."

आणि खाली उतरले. साखरेचा डबा जागेवर होता.